घोडे सरांच्या गल्लीत

मंगळवारी सकाळी नऊ वाजता माझा भाऊ वारला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. नर्सने हाक मारली. मी खोलीत गेले तेव्हा तो नव्हता.

दादा सोलापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. लग्न त्याने केले नाही. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी तो शहराच्या पूर्व भागातून लोकांना पायी हिंडवून आणू लागला. पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. तीन-चार पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली घरे तिथे आहेत. घरात तेलुगू, बाहेर मराठी. दादा ना विणकर, ना तेलुगू, पण त्याला ती वस्ती आवडे. बारा वर्षे ही फेरी चालली. मी एकदाही गेले नाही. एका महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळत असताना रजा नसायची, आणि निवृत्त झाल्यावर "पुढच्या थंडीत येते" असे मी म्हणत राहिले.

शेवटचे पाच महिने तो पुण्यात माझ्याकडे होता. औषधांनी त्याचे दिवस एकमेकांत मिसळून गेले होते. काल जेवलो की आज, हे त्याला सांगता येत नसे. पण एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा आणि अगदी नीट सांगायचा.

फेरीच्या वाटेवर एक गल्ली लागते. तिच्या दोन्ही टोकांना कमरेइतक्या उंचीचे दोन-दोन दगडी खांब आहेत. प्रत्येकाच्या वरच्या भागात आरपार भोक आहे. दादा लोकांना सांगायचा की हे घोडे बांधायचे खुंट आहेत, किल्ल्यावरच्या शिबंदीतले स्वार इथे मुक्कामाला उतरत. त्याचा दोष नाही. आम्ही दोघे लहानपणी गडकिल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलो. भोक असलेला दगड दिसला की आमच्यासारख्यांना आधी घोडाच दिसतो. खरे निराळे होते. ते दगड ताणा बांधण्याचे होते. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे. हातमागाच्या काळात विणायला बसण्याआधी हे धागे गल्लीभर ताणून त्यांना खळ लावत. त्यासाठी ते खांब रोवलेले.

"विजू, त्यांच्या आज्या-पणज्यांची मेहनत मी घोड्यांना देऊन टाकली," दादा म्हणाला. "तिथे जा. गल्लीत उभी राहून सांग."

"सांगते," मी म्हणाले.

चार दिवसांनी त्याने विचारले, "सांगितलंस?"

"हो. फोन केला होता."

"काय म्हणाले?"

"हसले."

त्यावर तो डोळे मिटून पडला आणि त्या दुपारी त्याला चांगली झोप लागली. पण दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. मग पुन्हा. माझ्याजवळ कोणाचा फोन नंबर नव्हता आणि मी तो शोधलाही नव्हता. त्याला सोडून सोलापूरला जाणे शक्य नव्हते, हे खरे. पण एक फोन शक्य होता. मी दर वेळी "हो" म्हणाले, दर वेळी "हसले" म्हणाले. तो गेल्यावर दीड महिना मला धड झोप आली नाही. दुःखाने, असे भेटायला येणारे म्हणत. मीही मान हलवीत असे.

मग एका शनिवारी मी सोलापूरची गाडी धरली.

पर्समध्ये ग्रंथालयातले एक जुने तालिकापत्र होते. (पूर्वी ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची नोंद जाड कागदाच्या एका पत्रावर असे, माझ्याकडे त्यांचा एक गठ्ठा उरला आहे.) त्याच्या कोऱ्या बाजूवर मी चार वाक्ये लिहिली होती. ती लिहायला आठवडा लागला. बोलायची मला सवय नाही. ग्रंथालयात माझे काम इतरांना गप्प करण्याचे होते.

दौंड सुटल्यावर ऊस मागे पडतो आणि जमीन हळूहळू मोकळी होत जाते. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा निम्मा डबा खाली उतरला. समोरच्या बाईंनी मला भाकरी आणि शेंगांची चटणी दिली. मी नको म्हणाले तर त्या म्हणाल्या, "खावा वो. एकटं बाईमाणूस गाडीत उपाशी बसलेलं बगवत न्हाय." पुढे ज्वारी काढून झालेली शेते, कडब्याच्या गंजी, मधूनच एखादे शेळ्यांचे खांड. माघ सरला नव्हता तरी खिडकीतून येणारा वारा गरम होता. दादा पत्रात लिहायचा, सोलापुरात दोनच ऋतू आहेत, उन्हाळा आणि त्याची तयारी.

स्टेशनाजवळच्या लॉजवर उतरले. संध्याकाळी कुठे गेले नाही.

रविवारी सकाळी सहाला रिक्षा केली. रिक्षावाले वयस्क होते, पांढऱ्या दाढीचे.

"किदर जाना अम्मा?"

मी चौकाचे नाव सांगितले. तिथून पायी फेरी निघते, असेही सांगितले.

"वो पैदल वाले?" त्यांनी आरशातून पाहिले. "सुबू-सुबू रिक्षा का भाडा देको पैदल चलने कू जा रए?"

मी हसले. दीड महिन्यात पहिल्यांदा असेल. त्यांनी मला एका देवळापाशी सोडले. तिथे कोणी नव्हते. एका फुलवालीला विचारल्यावर कळले की त्या नावाचे चौक दोन आहेत आणि मला हवा तो पुढचा. मी जवळजवळ पळत गेले. मनात मात्र असेही आले की चुकामूक झालीच तर बरे, मग परतीची गाडी धरता येईल. हे लिहायला बरे वाटत नाही, पण तसे झाले होते.

फेरी सुटली नव्हती. आठ जण उभे होते आणि हातात यादी घेतलेली तिशीतली एक बाई त्यांना मोजत होती. ही रेणुका. दादाची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत क्लार्क. दादा पुण्याला आल्यापासून फेरी तीच चालवते. तो गेल्याचे मी शाळेला कळवले होते. आम्ही कधी भेटलो नव्हतो. फेरीसाठी आधी नाव नोंदवताना मी नुसते सासरचे आडनाव दिले होते, आणि आताही ओळख दिली नाही. काम झाल्यावर देऊ, असे ठरवले होते. काम होईपर्यंत मी त्या गल्लीची अपराधी होते. अपराध्याने आधी आपले नाते सांगून सवलत मागू नये.

"सगळे आले? मग चला. चप्पल तुटली तर आत्ताच सांगा, पुढं चांभार न्हाई," रेणुका म्हणाली.

सुरुवातीला एक यंत्रमागाचा कारखाना लागला. कारखाना म्हणजे राहत्या घराच्या मागची लांब खोली, तिच्यात सहा माग. टॉवेल निघत होते. आवाज इतका की रेणुका बोलायचे सोडून हातांनी दाखवू लागली: हा धोटा, आडवा धागा घेऊन तो असा धावतो, हे धागे उभे, हे आडवे. मागावरचा माणूस आमच्याकडे न बघता तुटलेला धागा शोधून, गाठ मारून, पुन्हा माग सुरू करायचा. गाठ मारायला त्याला श्वास घेण्याइतका वेळ लागत होता. मी तीन वेळा पाहिले तरी ती बोटे नेमके काय करतात ते कळले नाही.

बाहेर आल्यावर कान बधिर झाले होते. माझ्याबरोबर चालणारे एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "ताई, मी दुसऱ्यांदा आलोय. वैरागला माझं कापडाचं दुकान हाय. चादरी न्यायला आलो की लेकीकडं मुक्काम, आन् सकाळी ही फेरी. मागच्या टायमाला ते म्हातारे सर होते. काय माणूस! मातीत घोडं उभं करायचा."

"घोडं?" मी विचारले.

"पुढं येतंय बघा. घोड्यांची गल्ली. मी फोटो काढलाय माझा तिथं, लगाम धरल्यागत. दुकानात लावलाय." त्यांनी हात वर करून लगाम कसा धरला ते दाखवले.

मी पर्सवर हात ठेवला. तालिकापत्र जागेवर होते. तोवर माझ्या डोक्यात फक्त ती गल्ली होती. तिथून बाहेर पडलेली, दुकानात लागलेली चूक मला पहिल्यांदाच दिसली.

एका टपरीवर रेणुकाने सगळ्यांना सुशीला खायला घातली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, उपम्यासारखी परतलेली न्याहारी. वर शेंगदाण्याचे कूट. मला दोन घासांच्या वर गेली नाही. टपरीवाला म्हणाला, "का हो मॅडम, तिखट झाली?" मी नाही म्हटले. तो वैरागच्या काकांकडे वळून म्हणाला, "पुण्याच्या असतील," आणि त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

मग एक देऊळ, मग एक जुनी तालीम, मग दोन वळणे. आणि ती गल्ली.

ती मी ओळखली, कारण ती बाकीच्यांहून सरळ होती. दोरी लावून आखल्यासारखी. दोन्ही बाजूंना ठेंगणी घरे, पत्र्याचे छप्पर, दारात रांगोळी. जवळच्या टोकाला दोन दगड उभे होते. एकाच्या बुडाशी कोणीतरी कुंडीत तुळस लावली होती, दुसऱ्यावर ओला टॉवेल वाळत होता. त्यामागच्या पायरीवर एक म्हातारी बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. इथल्या बायकांचे हे घरबसल्याचे काम. तिची नजर आमच्यावर आणि बोटे आपली चालू.

रेणुकाने टॉवेल बाजूला केला, दगडावर हात ठेवला. "तर मंडळी, आता इथं..."

मी हात वर केला. "मला बोलायचं आहे."

"शंका शेवटी, मॅडम," रेणुका हसून म्हणाली.

हे वाक्य दादाचे होते. घरीसुद्धा तो असेच म्हणायचा. कोणी मध्ये बोलले की तळहात उभा करून, "शंका शेवटी." ते तिच्या तोंडून ऐकल्यावर माझे धैर्य निम्मे गेले. उरलेले संपण्याआधी मी पत्र काढले.

"शंका नाही," मी म्हणाले, आणि वाचले: "हे दगड घोडे बांधण्याचे नाहीत. ते ताणा ताणण्याचे आहेत. बारा वर्षं इथं जे सांगितलं गेलं ते चुकीचं होतं. ज्यांनी ते सांगितलं त्यांच्या वतीनं मी या गल्लीची माफी मागते."

शेवटचे वाक्य मलाच ऐकू आले नाही. कुठल्या तरी घरातून मागाची खटखट येत होती. मी पत्र दोन्ही हातांनी धरून उभी होते.

पहिले बोलले वैरागचे काका. "असं कसं म्हणता ताई? मी सरांच्या तोंडून ऐकलंय. घोड्यांचेच हायत ते! तुम्ही कुठनं आणलं हे?"

रेणुका काही बोलणार तोच पायरीवरची म्हातारी हसू लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. आत वळून तिने तेलुगूत काहीतरी हाक घातली. आतून एक उंच, वाळका म्हातारा बनियनवर बाहेर आला.

"बगा की," ती त्याला मराठीत म्हणाली, बहुधा आम्हालाही कळावे म्हणून. "परत आलं. माफी." मग माझ्याकडे पाहून, "अवो बाई, सर सवताच येऊन सांगून गेले की. मागल्या उन्हाळ्याच्या आदी. आता तुमी कशाला? तुमी कोन?"

"मी त्यांची बहीण," मी म्हणाले.

तिची बोटे थांबली.

"विजूताई?" रेणुका म्हणाली. "यादीत नुसतं आडनाव... अहो, सांगायचं नाही का?" आणि मग एकदम तिचे डोळे भरले आणि तिने यादी तोंडासमोर धरली.

फेरी तिथेच थांबली. त्या गल्लीत माणूस उभा राहून रडू लागला तर त्याला आत नेऊन बसवतात, असे दिसते. आम्ही सगळे, वैरागच्या काकांसकट, त्या घरात गेलो. म्हातारीचे नाव राजव्वा, म्हाताऱ्याचे नरसय्या. त्यांची दोन्ही मुले यंत्रमागावर कामाला आहेत. बाहेरच्या खोलीत जमिनीला एक लाकडी फळी बसवलेली होती आणि फळीवर फ्रिज.

"त्याच्याखाली खड्डा हाय," नरसय्या म्हणाले. "मग्गम (हातमाग) होता. खड्ड्यात पाय सोडून विनायचं. माजा बाप हितंच विनत होता, म्याबी. आता पोरं थंड पानी पितेत."

मी विचारले, "दादा... सर कधी आले होते? काय झालं होतं?"

नरसय्यांनी सांगितले ते असे. एका साध्या दिवशी, दुपारी, लोक बरोबर नसताना दादा आला. हातात वही. दगडाचे चित्र काढायचे म्हणून तो स्टूल मागून घेऊन रस्त्यात बसला. बराच वेळ बसला. मग उठून बोट घालून भोकाची कड चाचपू लागला, आणि दुसऱ्या टोकाच्या दगडांपाशीही जाऊन आला. दोरीने घासून झालेल्या खाचा सगळ्या एकाच दिशेला होत्या, गल्लीच्या लांबीला धरून. चारही दगडांत. बारा वर्षे त्याने त्या दगडावर हात ठेवून भाषण केले होते. चित्र काढायला पहिल्यांदाच बसला होता.

"मला म्हनले, नरसय्या, घोडी इतकी सरळ वडतेत का हो?" नरसय्या म्हणाले. "मग म्या म्हनलो, सर, झाला का शेवट? आता शंका विचारू?"

रेणुका ओठ दाबून हसत होती. तिला ही गोष्ट पाठ असणार.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून..." मी म्हणाले.

"माज्या बापानं रोवलेत ते दगड," नरसय्या म्हणाले. "पडुगू (ताणा) बांदायला. पैल्याच वर्षी म्या सांगाया गेलो. सर म्हनले, शंका शेवटी. म्हनलं, बरं. तर शेवट हुतो तिकडं तलावापाशी. म्या लुंगीवर तलावापातूर कुटं जाऊ?"

"दुसऱ्या रविवारी सांगायचं," वैरागचे काका म्हणाले. त्यांना हे पटत नव्हते.

"दुसऱ्या रविवारी परत चालू झाले की. मास्तर शिकवताना मधी बोलतेत व्हय?" राजव्वा म्हणाली. "आन् बोलत होते बी झ्याक. आमी दारात बसून ऐकायचो. घोडी आली, पानी प्याली, गेली. पोरं त्यास्नी गुर्राल सारू म्हनायची. घोडे सर. त्यांच्या माघारी हां, तोंडावर न्हाय."

"राग नाही आला कधी?" मी विचारले. हेच विचारायला मी अडीचशे किलोमीटरवरून आले होते.

राजव्वाने विचार केला. तिने उगीच 'नाही' म्हटले नाही, हे मला बरे वाटले. "ह्यांचा बाप असता तर आला असता," ती म्हणाली. "आमाला न्हाय. कोन येतंय हो हितं? सर येत होते. दर रविवारी लोकं आनायचे, पोरास्नी नावानं हाक मारायचे. एक दगड चुकला त्यांचा. बाकीचं समदं बरोबर सांगायचे. मग्गमचं, विडीचं, समदं."

खाचा पाहिल्यावर दादा म्हणे अर्धा तास या पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, सगळ्यांना बोलवा. दुपारची वेळ, घरात होते नव्हते ते आले. त्याने गल्लीच्या या टोकाला उभे राहून सांगितले, मग त्या टोकाला जाऊन पुन्हा सांगितले, कारण दगड दोन्हीकडे होते. लोक हसले. कोणीतरी घोड्यासारखे खिंकाळले, त्यावर तोही हसला. आणि पुढच्या रविवारी, फेरी आली तेव्हा, नरसय्यांनी मुलाकडून सूत आणून खरोखरचा ताणा बांधून दाखवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. सकाळी, वारा सुटायच्या आत, दगडापासून दगडापर्यंत. दादाला खळीचा ब्रश हातात दिला आणि तो धाग्यांच्या कडेने गल्लीभर चालत गेला.

"नीट जमलं त्याला?" मी विचारले.

नरसय्यांनी राजव्वाकडे पाहिले. "लई खळ लावली. धागे धाग्याला चिकाटले. वाया गेला ताना समदा."

"आजोबा!" रेणुका म्हणाली. "हे मला नाही सांगितलं कधी!"

"सरास्नी बी न्हाय सांगितलं. लई खुशीत होते. आता बहिनीला सांगितलं, झालं."

मी हसले आणि त्याच हसण्यात रडले. मग मी त्यांना ते सांगितले जे कोणालाच सांगितले नव्हते. दादा दर दोन दिवसांनी विचारायचा, आणि मी फोन केल्याचे खोटे सांगायचे. "ते हसले, असं मी सांगत असे," मी म्हणाले.

"मग खोटं कुटं?" राजव्वा म्हणाली. "हसलो की आमी."

पाठीला लावलेली फळी कोणी काढून घ्यावी तसे मला वाटले. मी भिंतीला टेकले. कितीतरी दिवसांनी मी कुठेतरी टेकून बसले होते.

"पण मग तो पुन्हा का विचारत राहिला?" मी रेणुकाला विचारले. "सांगून झालं होतं तर."

"आजारात विसरले असतील," ती म्हणाली. "आणि सर तसेच होते, ताई. पेपर तपासून दिल्यावर परत मागून घ्यायचे, मार्क कमी पडलेत का बघायला."

वैरागचे काका पुढे सरकून बसले. आता ते म्हणाले, "मला कळतंय. आमच्यामुळं. ह्या गल्लीला सांगितलं, पर आम्ही जे घेऊन गेलो, त्याचं काय? मी गावभर सांगून बसलोय. फोटो हाय दुकानात."

"फोटो असू द्या की," नरसय्या म्हणाले. "खाली लिवा, घोडं गेलं म्हनून."

राजव्वाने आत जाऊन ताटे वाढली. ज्वारीची भाकरी आणि पुंटिकुरा (अंबाडीची आंबट-तिखट भाजी), वर कच्चा कांदा. फेरीतल्या सगळ्यांना पुरले नाही म्हणून शेजारच्या घरातून आणखी भाकरी आल्या. सुशीला टाकणाऱ्या मी दोन भाकरी खाल्ल्या. राजव्वा म्हणाली, "हां. आता सरांची बहीन वाटायला लागली."

निघताना रेणुका दगडापाशी उभी राहिली आणि तिने आपले थांबलेले वाक्य पूर्ण केले. ताणा कसा बांधत, खळ ज्वारीच्या पिठाची कशी शिजवत, मुलांना धाग्यांखालून पळायला कशी बंदी असे. शेवटी ती म्हणाली, "आमच्या सरांनी इथं बारा वर्षं घोडे बांधले, आणि एका दुपारी स्वतः सोडले. हे पण या गल्लीच्या इतिहासात आलं, म्हणून सांगते." ती हे दर रविवारी सांगते. मी हात वर केला नसता तर मला तेवढ्यातच सगळे कळले असते. घाई माझी झाली.

फेरी तलावापाशी संपली. पाण्यावर ऊन चढले होते. रेणुकाने विचारले, "कुणाला काही शंका?" कोणालाच नव्हती.

दुपारच्या गाडीला मला खिडकी मिळाली. वैरागच्या काकांनी आणून दिलेली चादर पिशवीत होती. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, सरांची दक्षिणा. कुर्डुवाडीला बार्शीकडची माणसे उतरली आणि डबा शांत झाला तेव्हा मला झोप लागली. दौंडपर्यंत जाग आली नाही. गाडीत मला कधीच झोप येत नाही.

दादाने मला नेमके कोणाला सांगायला पाठवले होते, हे मी परतल्यावर पुष्कळ वेळा मनात उलटसुलट केले. विसराळूपणात त्याने झालेलेच काम पुन्हा सांगितले असेल. वैरागच्या काकांचे म्हणणेही खरे असेल. दोन्हीपैकी कोणते, हे आता कळायचे नाही, आणि न कळल्याने काही अडत नाही. पण जे माझ्या हातात आहे ते मी करते. हे प्रवासवर्णन वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या बारा वर्षांत रविवारी सकाळी माझ्या भावाबरोबर त्या गल्लीत उभे राहिले असेल, तर त्यांच्यासाठी: ते खांब विणकरांचे आहेत. ते नरसय्यांच्या वडिलांनी रोवले. तिथे घोडे कधीच नव्हते. ही चूक माझ्या भावाने स्वतः ओळखली आणि स्वतः सांगितली.

त्याचे कपडे देऊन झाले. बँकेची कामे झाली. निरोप पोचला. रात्री मी झोपते. तो नाही, एवढेच आता उरले आहे.